पुढच्या सीटवर बसवलेला पायपट्टा

मित्रांनो, मी एक जुना पायपट्टा आहे आणि मी रागावलेलो आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी गोड आवाजात सांगावी, असा रिवाज आहे. तो मला मान्य आहे. पण माझ्या कहाणीत एक घोडी आहे, तिचा एक पाय आहे, आणि त्या पायाचे जे झाले ते गोड आवाजात सांगायला मला जमत नाही. तेव्हा मी सांगतो तसे ऐका.

पायपट्टा म्हणजे काय, हे आधी समजून घ्या. घोड्याला गाडीमागे जोडलेल्या ट्रेलरमधून न्यायचे असले, की त्याचे चारी पाय जाड, मऊ पट्ट्यांत गुंडाळतात. तुम्ही बसमध्ये उभ्याने प्रवास केला असेलच. ब्रेक लागला की तुम्ही वरची दांडी पकडता. घोड्याला हात नाहीत. वळण आले की तो पाय फाकवतो, ब्रेक लागला की मागचे पाय झाडतो, आणि तोल सावरता सावरता त्याचा एक खूर दुसऱ्या पायावर पडतो. त्या खुराला लोखंडी नाल असते. केस संपून खूर जिथे सुरू होतो ती कड तर फारच नाजूक. तुमचे नख मुळापासून उखडले तर नवे नख वाकडे येते की नाही? घोड्याच्या खुराचेही तसेच आहे. ती कड आणि ती टाच झाकायची, येणारा मार आपल्या अंगावर घ्यायचा, एवढेच आमचे काम. सोपे काम आहे. फक्त ते करायला आम्हाला पायावर असावे लागते!

आम्ही चौघे भाऊ. दोन पुढच्या पायांचे, अंगाने आखूड. दोन मागच्या पायांचे, उंच. मी मागच्या डाव्या पायाचा.

माझा जन्म डोंगरापायथ्याच्या गावात, मिन्चो नावाच्या दुलईवाल्याच्या दुकानात झाला. मिन्चोने उभ्या आयुष्यात लोकरीच्या दुलया शिवल्या. लोकर पिंजायची, थर लावायचा, वरून टाके घालायचे. पुढे लोक कारखान्याच्या हलक्या दुलया घेऊ लागले आणि मिन्चो दुकानात बसून सुईशीच गप्पा मारू लागला. त्याची धाकटी बहीण देसा डोंगराच्या अलीकडच्या गावात दिलेली. देसाच्या नवऱ्याचे नाव रुस्को, मुलीचे नाव स्तान्का, आणि घोडीचे नाव कालिना.

एकदा नालबंदाकडून परत येताना ट्रेलरमध्ये कालिनाची पोटरी सोलली. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मलम लावले आणि कागदावर एक आकृती काढून दिली. "असलं काहीतरी शिवून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी मी मलम नाही, सुई घेऊन येईन," असे त्या म्हणाल्या. तो कागद देसाने भावाकडे पाठवला.

मिन्चोने आम्हाला आठ दिवस खपून शिवले. आत धुतलेली लोकर, तिच्यावर नमद्याचा, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचा थर, टाचेपाशी जुन्या बुटाचे कातडे, आणि बाहेरच्या बाजूने तीन रुंद पट्ट्या. बाहेरचे कापड मात्र त्याने पांढरे घेतले. लग्नाच्या दुलयांचे जाड पांढरे कापड त्याच्याकडे पडून होते, आणि गावात लग्ने उरली नव्हती. मिन्चोच्या हातून झालेली चूक म्हणाल तर ही एवढीच.

शिवून झाल्यावर त्याने मला स्वतःच्या पोटरीवर बांधले आणि दुकानात येरझारा घातल्या. तेवढ्यात शेजारचा कासार आत डोकावला.

"काय रे मिन्चो, पाय मोडला का?"

"नाही. मला ट्रेलरमधून न्यायचंय. बायको म्हणते, मी गाडीत बसवायच्या लायकीचा नाही."

असा माझा पहिला प्रवास. हसत-खेळत झाला.

मिन्चो स्वतः आम्हाला घेऊन रुस्कोच्या घरी आला. जावयाला शहाणपण शिकवायची हौस त्याला होतीच. "जावईबापू, नीट ऐका," तो म्हणाला. "पाय आधी कोरडा आणि स्वच्छ. आत एक काडी राहिली तरी ती रस्ताभर टोचेल. पट्ट्यांची टोकं बाहेरच्या बाजूला, मागं वळलेली. बोट जाईल इतकं सैल. फासही नको आणि लोंबता मोजाही नको. पहिल्या दिवशी तबेल्यातच चालवून आणा. आणि मुक्कामाला पोचलात की लगेच सोडा. पाय उबतो."

"मेव्हण्या, मी तीस वर्षं घोडे पाळतोय," रुस्को म्हणाला.

"म्हणूनच सांगतोय," मिन्चो म्हणाला.

कालिनाच्या पायावर मला पहिल्यांदा बांधले ते स्तान्काने. बावीस वर्षांची पोर, हात शांत. कालिनाने मान वळवून माझ्याकडे पाहिले, मग पाय असा उचलला की जणू खाली निखारे होते. पाच-सहा पावले तिने कोंबडीसारखी टाकली. स्तान्का हसून हसून भिंतीला टेकली. घोडीने दोन फेऱ्या मारल्या, अंग सैल सोडले, आणि मी तिचा झालो.

पहिले वर्ष माझ्या आयुष्यातले सोन्याचे वर्ष. नालबंदाकडे जा, डॉक्टरीणबाईंकडे जा, स्तान्काच्या मैत्रिणीच्या कुरणावर जा, प्रत्येक वेळी आम्ही चौघे पायावर. खिंडीच्या रस्त्याला एकवीस वळणे आहेत. एका वळणावर उजवा मागचा खूर नालेसकट माझ्या टाचेवर आदळला. धप्प! माझी लोकर दबली, कातड्यावर चंद्रकोरीसारखी खूण उमटली, आणि कालिना निवांत गवत चघळत राहिली. तिला कळलेही नाही. असला मार मी रोज खाल्ला असता. संध्याकाळी स्तान्का आमच्यावरचे शेण वाळल्यावर ब्रशने झाडायची आणि दाराच्या खुंटीला टांगायची. आम्ही पिवळट पडलो होतो, आमच्या अंगाला घोड्याचा वास येत होता, आणि आम्ही सुखात होतो.

मग आला संत तोडोरचा शनिवार. ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाचा पहिला शनिवार, घोड्यांचा सण. खिंडीपलीकडच्या मैदानावर पंचक्रोशीतले घोडे येतात. आयाळीच्या वेण्या, शेपटीला मणी, कपाळाला लाल गोंडे. आधी मिरवणूक, मग शर्यत. पहिल्या येणाऱ्या घोड्याला नवी म्होरकी, म्हणजे तोंडावर चढवायचा साज मिळतो, आणि ती म्होरकी मालक वर्षभर दाराशी टांगून ठेवतो. रुस्कोच्या दाराला अशी म्होरकी कधी लागली नव्हती. ही गोष्ट त्याने कधी बोलून दाखवली नाही; पण दाराकडे तो ज्या नजरेने बघायचा, ती खुंटीवरून मला दिसायची.

त्या सणासाठी देसाने आम्हाला घासून धुतले होते. आम्ही पांढरेशुभ्र. मैदानावर पोचलो, स्तान्का मला सोडायला वाकली, तेवढ्यात खालच्या गावचा पेन्यू, भल्या मोठ्या मिशांचा गृहस्थ, समोर उभा राहिला.

"अरे रुस्को, घोडी आणलीस की नवरी? पांढरे मोजे काय, थाट काय!"

चार माणसे हसली, दहा जमली. कोणी विचारले, कुठून आणले? कोणी बोट लावून पाहिले. रुस्कोची छाती फुगली. तो पोरीला हळूच म्हणाला, "सोडू नकोस गं. राहू देत जरा."

शर्यतीआधी स्तान्काने आम्हाला सोडले, आणि कालिना तिसरी आली. पण परत येताना रुस्को गाडीत शर्यतीबद्दल बोललाच नाही. तो आमच्याबद्दल बोलत होता. मित्रांनो, स्तुती वाईट नसते. पण आपल्या कामाची स्तुती आणि आपल्या कपड्याची स्तुती यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याच्या हातात पडू नका.

घरी आल्यावर देसा म्हणाली, "एवढ्या लोकांची नजर पडली, दृष्ट लागेल." तिने आम्हा प्रत्येकाला दोन दोन लाल लोकरीचे गोंडे शिवले आणि वर एक निळा मणी. मग धुतले, इस्त्री केली आणि कपाटात ठेवले. माझ्या शेजारी चांदीच्या चमच्यांची पेटी होती. त्या चमच्यांनी जन्मात कधी सूप चाखले नव्हते. त्यांना त्याचा अभिमान होता. मला तेव्हाच धोका कळायला हवा होता.

पुढचे अख्खे वर्ष कालिना उघड्या पायांनी फिरली. नालबंदाकडे उघड्या पायांनी. डॉक्टरीणबाईंकडे उघड्या पायांनी. स्तान्काने दोनदा आम्हाला मागितले. दोन्ही वेळा देसा म्हणाली, "सणाचे आहेत ते, काय शेणात लोळवतेस?" ज्याचा जन्मच शेणात लोळण्यासाठी झाला, त्याला कपाटात लॅव्हेंडरच्या पुरचुंडीखाली झोपवले. काय म्हणावे याला? माया? मी तरी म्हणणार नाही.

आणि पुन्हा तोडोरचा शनिवार उजाडला. कालिनाला दोनच दिवसांपूर्वी नवी नाल ठोकली होती. तिचे हे दहावे वर्ष. यंदा तिचे अंग असे भरले होते की रुस्कोला म्होरकी डोळ्यांसमोर दिसू लागली होती. देसाने घोड्याच्या आकाराचा पाव भाजला, त्याला अक्रोडाचे डोळे लावले. स्तान्काने आयाळीच्या वेण्या घातल्या. मग ती आम्हाला घेऊन अंगणात आली.

"बाबा, पट्टे बांधते."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? इस्त्रीचे पट्टे, आणि ट्रेलरमध्ये शेण. पोचल्यावर बांधू."

"पण मामानं ते ट्रेलरसाठीच शिवलेत ना!"

"तुझा मामा दुलया शिवतो. घोडे मी पाळतो."

"चाळीस किलोमीटर आहे, बाबा. वर ती खिंड."

"चाळीस किलोमीटर ती उघड्या पायानं वर्षभर जातेय. काही झालं? नाही झालं. बस आता गाडीत."

स्तान्का आईकडे वळली. देसा पावावर कापड झाकत होती. "मी काल दोन तास इस्त्री केली," एवढेच ती म्हणाली.

आम्हा चौघांना एका स्वच्छ अभ्र्यात घातले आणि गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवले. चुरगळू नये म्हणून! मायलेकी पाव, लोणच्याची बरणी आणि मिरवणुकीची झूल मांडीवर घेऊन मागे दाटीवाटीने बसल्या. रुस्कोने गाडी सुरू केली तर गाडी टूं टूं करू लागली. आमच्या वजनाने तिला वाटले, सीटवर कोणी माणूस बसला आहे आणि त्याने पट्टा लावलेला नाही. रुस्को चिडला. त्याने हात लांबवून सीटबेल्ट ओढला आणि आम्हाला, अभ्र्यासकट, करकचून बांधला. टूं टूं थांबले.

मित्रांनो, हे ऐकून हसू नका. घोडीचे पाय वाचवण्यासाठी शिवलेले पट्टे पुढच्या सीटवर सीटबेल्ट लावून बसले होते, आणि जिचे पाय वाचवायचे ती घोडी मागे उघड्या पायांनी उभी होती. मी अभ्र्यात होतो तरी लाजेने तोंड लपवावे असे मला झाले होते.

अकराव्या वळणापलीकडे लाकडे वाहणारा ट्रॅक्टर आडवा आला. रुस्कोने ब्रेक दाबला. आम्ही चौघे पुढे गेलो आणि सीटबेल्टने आम्हाला अलगद मागे घेतले. आम्हाला ओरखडाही आला नाही. मागून मात्र नालांचा खडखडाट ऐकू आला, मग ट्रेलरच्या भिंतीवर एक धडक, आणि मग एक बसका, ओला आवाज. तो आवाज मी ओळखला. जो मार मी पहिल्या वर्षी टाचेवर झेलला होता, तोच होता. या वेळी मध्ये मी नव्हतो.

"बाबा, थांबा! तिला काहीतरी झालं!"

"पाय बदलतेय ती. दहाला मिरवणूक आहे."

त्याने गाडी थांबवली नाही. तिथून मैदान पाऊण तासाच्या वाटेवर होते.

मैदानावर ढोल वाजत होता. रुस्कोने आमचा अभ्रा काखेत घेतला आणि ट्रेलरची फळी उतरवली. स्तान्का पुढून घोडीचे डोके धरून होती, तिला मागचे काही दिसत नव्हते. कालिना उलट्या पावलांनी खाली आली आणि डावा मागचा पाय तिने नुसता टेकवला, त्यावर भार टाकला नाही. खुराच्या वरची कड फाटून लोंबत होती. रक्त वाहत वाहत टाचेखाली गेले होते.

रुस्कोने ते पाहिले. मी अभ्र्याच्या तोंडातून त्याला पाहताना पाहिले, म्हणून खात्रीने सांगतो. त्याने डावीकडे बघितले, उजवीकडे बघितले. पेन्यू मिशांना पीळ देत इकडेच येत होता. रुस्को खाली वाकला, त्याने मला बाहेर काढले आणि त्या जखमेवर, न धुता, न पुसता, बांधले. मग बाकीचे तिघे बांधले. स्तान्का मागे येऊन बघेपर्यंत चारी पाय झाकलेले होते.

ज्या जागेसाठी मला शिवले होते, नेमक्या त्याच जागी मी आलो. फक्त उशीर झाला होता. आजवर मी खूर अडवले होते. त्या दिवशी मी लोकांची नजर अडवली. मित्रांनो, वस्तूला याहून मोठा अपमान नाही. फाटलो असतो तर चालले असते. जळालो असतो तरी चालले असते. मला खोटे बोलायला लावले!

रुस्को दुष्ट होता असे समजू नका. दुष्ट माणूस लांबून ओळखता येतो, त्याच्यापासून सावध राहता येते. हा घोडीवर जीव टाकणारा माणूस होता. तिला पोटशूळ झाला तेव्हा तो दोन दिवस तिच्याजवळून हलला नव्हता. पण लोक बघू लागले की त्याचा तो जीव घोडीवरून उठून लोकांकडे जायचा.

मिरवणूक निघाली. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडले. "यंदा गोंडे पण!" पेन्यू ओरडला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. कालिना चालत होती. घोडा कण्हत नाही, मित्रांनो. कळपातले जनावर आपले दुखणे लपवते, ते त्याच्या रक्तातच आहे. ती थोडी आखडत होती, आणि लोकांना वाटले, ऐटीत चालते आहे. मी तिचे रक्त पीत होतो. लोकर रक्त पुष्कळ पिते.

मिरवणूक संपली आणि शर्यतीची हाळी आली. स्तान्का खोगिरावर चढलेली होती.

"बाबा, पट्टे सोडा ना."

"राहू देत. पळू दे त्यांच्यासकट. शोभतायत."

"याच्यात पळतात का? एवढे जाड! अडखळून तोंडावर आपटेल."

"तू बस नीट. काही होत नाही."

मी जाड आहे, जड आहे, टाचेखालपर्यंत उतरतो. माझा जन्म उभ्या घोड्यासाठी आहे. मला बांधून भरधाव सोडलेली घोडी पहिल्या पन्नास पावलांत माझ्यावरच पाय देऊन कोसळेल आणि वरची पोर तिच्याखाली जाईल, हे मला कळत होते. हे रुस्कोलाही कळत होते. पण पट्टा सोडला तर जखम दिसणार होती. मी गळून पडायचा फार प्रयत्न केला. मिन्चोचे टाके आणि मिन्चोच्या पट्ट्या. काही सैल होईना.

तेवढ्यात देसा पावाचा तुकडा घोडीला भरवायला आली, तिच्यामागे सणाला आलेला मिन्चो. देसाची नजर माझ्यावर गेली. माझी खालची कड लाल झाली होती.

"बघ! बघ मिन्चो दादा! रंग गेला! तुला सांगितलं होतं, लोकर पक्क्या रंगाची दे म्हणून!"

"माझ्या नावानं खडे फोडू नकोस. गोंडे तू बाजारातून आणलेस. मी पांढरंच शिवलं होतं."

"दोन तास इस्त्री केली मी. दोन तास! आता सगळ्या गावासमोर..." असे पुटपुटत ती गुडघ्यांवर बसली आणि तिने गोंडा उपटायला हात घातला. तिची बोटे ओली झाली. तिने ती चोळली, नाकाशी नेली. मग ती हळू आवाजात म्हणाली, "दादा, रंग कोमट असतो का रे?"

तिने माझ्या तिन्ही पट्ट्या सोडल्या. मी उघडलो आणि जे झाकले होते ते सगळ्यांना दिसले.

स्तान्काने खोगिरावरून उडी टाकली. देसा उठली. तिचे हात लाल झाले होते.

"रुस्को, तू हे बघितलं होतंस?"

रुस्को खोगिराची वादी चाचपू लागला.

"बघून बांधलंस? आणि पोरीला वर बसवलंस? आपल्या पोरीला? अरे, कोणासाठी? ह्या मिशीवाल्यासाठी?" पेन्यूने मान खाली घातली. देसाचा आवाज फाटला. "आणि मी! मी इस्त्री करत बसले. इस्त्री!"

मिन्चोने मला उचलून हातात धरले. त्याने माझी टाच पाहिली, कातडे पाहिले. पहिल्या वर्षीची चंद्रकोरीसारखी खूण तेवढी होती. नवी खूण एकही नव्हती.

"हा मी मागच्या डाव्या पायासाठी शिवला होता," तो म्हणाला. "चाळीस किलोमीटर हा कुठं होता?"

"पुढच्या सीटवर, मामा," स्तान्का म्हणाली. "सीटबेल्ट लावून."

कोणी हसले नाही.

डॉक्टरीणबाई मैदानावरच होत्या. त्यांनी जखम धुतली, लोंबणारी कातडी कापली, पाय बांधला. खुराची कड मुळातून दुखावली होती. नवा खूर यायला वर्ष लागेल आणि तो चिरलेलाच येईल, मऊ कुरणात ती चालेल, पण शर्यत संपली, असे त्यांनी सांगितले. "तेव्हाच थांबून धुतलं असतं तरी थोडं वाचलं असतं," असेही त्या म्हणाल्या. रुस्कोने ते उभ्याने ऐकून घेतले.

माझे तीन भाऊ धुतले गेले. मला कोणी धुतले नाही. मी तबेल्यात एका बादलीत पडून राहिलो, रक्त वाळून लाकडासारखा कडक झालो. रुस्को बादलीपाशी आला की तोंड फिरवायचा. तो कोणाशी फारसा बोलत नसे, आणि देसा त्याच्याशी बोलत नसे. एक दिवस स्तान्काने मला पिशवीत घातले आणि मामाकडे नेले. मिन्चोने माझी शिवण उसवली, कुजलेली लोकर काढून नवी भरली, गोंडे आणि मणी कापून टाकले. बाहेरच्या कापडावरचा तपकिरी डाग मात्र निघाला नाही. "असू दे," मिन्चो म्हणाला. "आता तुला कपाटात कोणी ठेवणार नाही."

उन्हाळ्यात कालिनाला खूर कापून घ्यायला डॉक्टरीणबाईंकडे न्यायचे ठरले. पण ट्रेलर दिसताच ती अंगणात खिळली. कान मागे, अंगाला कापरे. ओट दाखवले, सफरचंद दाखवले, ती तसूभर हलेना. स्तान्काने तिच्या बाकीच्या तीन पायांना पट्टे बांधले. मला मात्र तिने बापाच्या हातात दिले.

"हा तुम्ही बांधा."

मित्रांनो, रुस्कोने मला नीट असे कधी बांधलेच नव्हते. तो शेणाने भरलेल्या अंगणात गुडघ्यांवर बसला. त्याने पायाला हात लावताच कालिनाने पाय वर घेतला आणि तसाच अधांतरी धरला. पाय थरथरत होता. एक लाथ, आणि रुस्कोचे तोंड फुटले असते. तो मागे सरकला नाही. हात लावलाही नाही. मला मांडीवर घेऊन तो तसाच बसून राहिला. ऊन डोक्यावर आले.

मग तो अगदी हळू बोलला. "मी बघितलं होतं," तो म्हणाला. "मी बघितलं होतं गं. बघून बांधलं."

देसाला तिच्या प्रश्नाचे जे उत्तर मैदानावर मिळाले नव्हते, ते घोडीला मिळाले. देसा दारात उभी होती. तिनेही ते ऐकले. कालिनाने पाय खाली टेकवला. रुस्कोने तो सदऱ्याच्या बाहीने पुसून कोरडा केला, काडी-कचरा बोटांनी काढला, मला बसवले, पट्ट्या ओढल्या. फास झाला असे वाटून पुन्हा सोडल्या, बोट घालून पाहिले, पुन्हा ओढल्या. कालिना त्याच्यामागून ट्रेलरमध्ये चढली.

लोक म्हणतात, घोडीने त्याला माफ केले. केले असेल. ती मोठ्या मनाची आहे. मी अजून केलेले नाही. मी त्याचे काम करतो, दर खेपेला करतो. पण वर्षातून एक दिवस मिरवायचे म्हणून जो वर्षभराचे काम बंद पाडतो, त्याचा मला अजून राग येतो, आणि तो राग विझू नये अशीच माझी इच्छा आहे. कारण आजही मी मैदानावर जातो आणि बघतो. झगझगीत नवे पायपट्टे, कोणाचे निळे, कोणाचे जांभळे, प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेले, आणि ट्रेलरमधून उतरणारे उघडे पाय.

म्हणून एवढेच मागतो. आम्हाला जपू नका. आम्हाला शेणात घाला, चिखलात घाला, नालेखाली घाला. आमच्यावर दया करायचीच असेल तर आम्ही ज्याच्यासाठी आहोत त्याच्यावर करा, आणि रस्त्याला लागायच्या आधी करा. मी मळलो तर धुता येतो. उसवलो तर मिन्चो मला पुन्हा शिवतो. पण स्तान्का एकदा कालिनाला त्याच्याच दुकानाच्या दारात घेऊन गेली होती, चिरलेला खूर दाखवायला. मिन्चो कितीतरी वेळ त्या खुरापाशी बसला, आणि मग हातातली सुई त्याने परत डबीत ठेवून दिली.